देवावर भार टाकला म्हणतो, पण तो खरंच टाकला जातो का?

उंबरठा
बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं, आज लिहूनच टाकतो. विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

मी लहानपणापासून देव मानणारा. रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसतो, त्यात शक्यतो खंड नाही. कोणी विचारलं की "आपण सगळं त्याच्यावर सोडलंय" असं बिनधास्त सांगायचो. गेल्या वर्षी बाबा आयसीयूत होते १५ दिवस, तेव्हा कळलं की मी काडीचंही सोडलेलं नव्हतं. काचेबाहेर बसून मॉनिटरचे आकडे बघायचो आणि प्रत्येक आकड्याला एक प्रार्थना, ऑक्सिजन ९४ झाला की देवा थँक्यू, ८८ झाला की देवा असं काय करतोस. म्हणजे माझा देव तासाला चार वेळा पास आणि चार वेळा नापास होत होता. ११ व्या रात्री की कधीतरी मला इतका थकवा आला की मागणंच संपलं. काय मागू तेच सुचेना. नुसता बसून राहिलो, "तू आहेस ना, बास" एवढंच काहीतरी मनात होतं, ते पण धड शब्दांत नाही. आणि त्या अर्ध्या तासात जे वाटलं ते आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आनंद वगैरे म्हणवत नाही त्याला, पण कुठे काही कमी पडतंय असं वाटत नव्हतं, आणि हे कुठे, तर आयसीयूच्या बाहेर!

चार दिवसांनी बाबा गेले.

आता प्रश्न असा की तो अर्धा तास मला परत सापडत नाहीये. सकाळची दहा मिनिटं चालू आहेत पण एकदम कोरडी. तो भरवसा होता का नुसता थकवा होता? आणि तुमच्यापैकी कोणाला देवावरच्या विश्वासातून समाधान मिळालंय का, म्हणजे मनासारखं झाल्यावर मिळतं ते नाही हो, ते सगळ्यांनाच मिळतं, मनाविरुद्ध होऊनसुद्धा जे उरतं ते? "ध्यान करा", "पॉझिटिव्ह राहा" टाइप एका ओळीचे सल्ले कृपया नकोत.

निळाई
बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. पास नापासचं वाचून आधी हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं, कारण मीही अगदी हेच करते, फक्त माझ्याकडे मॉनिटर नसतो. सांगण्यासारखं काही नाही माझ्याकडे, वाचतेय.

तर्कटराव
मी नास्तिक, आधीच सांगतो म्हणजे मागाहून ओरडा नको. थकवाच होता तो. इतके दिवस ताणात असलेलं शरीर एका टप्प्यावर हात टेकतं, त्याला शांतता म्हणायचं तर म्हणा, माझी हरकत नाही.

बाकी प्रार्थनेचं म्हणाल तर २००६ साली अमेरिकेत एक मोठा प्रयोग छापून आला होता. बायपासचे १८०२ पेशंट, तीन गट. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही, आणि या दोन्ही गटांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही ते नक्की सांगितलं नव्हतं. पहिल्यात गुंतागुंत ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. म्हणजे काही फरक नाही. गंमत तिसऱ्या गटाची, ज्यांना खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात ५९ टक्के! माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आलीच तर प्लीज मला सांगू नका.

मीच_ती
शेवटच्या वाक्याला खळखळून हसले. पण राव, तुमचा प्रयोग मागण्याबद्दलचा आहे, आणि उंबरठा विचारतायत मागणं संपल्यावर काय उरलं त्याबद्दल. कुणाचं मागणं फळतं हे १८०२ जणांत मोजता येईल, पण त्या अर्ध्या तासाला कुठली टक्केवारी लावणार?

मला शब्दांचा नाद आहे म्हणून थोडं अवांतर. विश्वास या शब्दात श्वास आहे. वि आणि श्वस्, मूळ अर्थ मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. म्हणजे संस्कृतात विश्वास हे आधी मत नव्हतंच, छातीची अवस्था होती. देव आहे की नाही यावर आपलं मत काय, हा प्रश्न फार नंतरचा. काचेबाहेर तुमचा श्वास १० दिवस अडकला होता आणि ११ व्या रात्री सुटला, त्याला तुम्ही थकवा म्हणा, मी विश्वास म्हणेन, दोन्ही एकाच वेळी खरं असायला काय हरकत आहे?

दुसरा शब्द योगक्षेम. गीतेच्या ९ व्या अध्यायातला २२ वा श्लोक, भक्तांचा योगक्षेम मी वाहतो असं भगवंत म्हणतात तो. जे नाही ते मिळणं हा योग, जे आहे ते टिकणं हा क्षेम, असा अर्थ शंकराचार्यांनी केलाय. हेच शब्द पुढे एका मोठ्या विमा कंपनीचं ब्रीद झाले आणि आपल्या डोक्यातही नेमका तोच घोळ आहे, आपण भक्तीचा हप्ता भरतो आणि क्लेम नाकारला की चिडतो.

जुनीवही
माझा अनुभव सांगते, मोठा नाही. काही वर्षांपूर्वी मला काळजीचा आजार म्हणावा इतपत त्रास होता, रात्री दोनला जाग यायची ती थेट पहाटेपर्यंत. कोणीतरी सुचवलं म्हणून एक वही केली, डाव्या पानावर तारीख टाकून काळजी लिहायची, खाली "हे तुझ्याकडे दिलं" असं लिहायचं आणि वही मिटायची. उजवं पान कोरं ठेवायचं, पुढे काय झालं ते लिहायला.

वर्षाने उजवी पानं भरायला बसले. बहुतेक गोष्टी घडल्याच नव्हत्या, ते अपेक्षित होतं. पण त्या वर्षात माझ्यावर दोन खरंच मोठे आघात झाले होते आणि ते दोन्ही डाव्या पानांवर कुठेच नव्हते!! अख्खं वर्ष मी चुकीच्या दारावर पहारा देत बसले होते. त्या दिवसापासून देवावर विश्वास वाढला असं म्हणणार नाही, पण स्वतःच्या काळजीवरचा माझा विश्वास मात्र साफ उडाला. मग जागा रिकामी झाली आणि तिथे दुसरं काहीतरी येऊन बसलं हळूहळू. झोप लागते आता.

निळाई
चुकीच्या दारावर पहारा… हे वाक्य मी चोरतेय.

तर्कटराव
वही आवडली. पण ती देवाशिवायही चालली असती, "हे तुझ्याकडे दिलं" च्या जागी "हे उद्या बघू" लिहून.

जुनीवही
@तर्कटराव, आधी तसंच लिहायचे हो. उद्या परत माझ्याकडेच यायचं ते. :) कोणाकडे तरी द्यावं लागतं, निदान मला तरी.

रात्रपाळी
मी नर्स आहे, आयसीयूत बरीच वर्षं काढली, त्यातल्या बऱ्याच रात्री. धागा वाचून राहवलं नाही.

बाहेर बसणारे नातेवाईक बघून बघून मला एक कळलंय. गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून पायाने ब्रेक दाबणारे असतात ना, तसे असतात बहुतेक. गाडी त्यांच्या हातात नाही, पायाखाली ब्रेक नाही, पण पाय दाबून दाबून पोटऱ्या दुखतात. देव मानणारे आणि न मानणारे यात मला तरी काही फरक दिसला नाही, मानणारेसुद्धा तितकाच ब्रेक दाबतात, वर देवाला रस्ता सांगतात.

काही थोडे वेगळे असतात. एक आजी होत्या, आजोबा बेशुद्ध, उठणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगून झालेलं आणि आजींना ते नीट कळलेलं होतं, भ्रमात वगैरे अजिबात नव्हत्या. तरी रोज भेटायच्या वेळी आत आल्या की पिशवीतून आजोबांच्या चपला काढायच्या आणि कॉटखाली जोडीने ठेवायच्या, पुढचं टोक बाहेर, पाय खाली सोडले की थेट चपलेत जातील अशा. जाताना परत पिशवीत. नियमाने बाहेरच्या चपला आत चालत नाहीत पण त्या घासून पुसून प्लॅस्टिकमध्ये घालून आणायच्या, मग मीही बघून न बघितल्यासारखं करायचे. एकदा विचारलं, आजी हे कशाला? तर म्हणाल्या, "त्याने नेलं तर अनवाणी नेईल, परत दिलं तर लागतील." बास. इतक्या साध्या आवाजात की जणू छत्री बरोबर घ्यावी का याबद्दल बोलतायत.

उंबरठा, तुमचा तो अर्धा तास थकव्याचा होता की भरवशाचा ते मला सांगता येणार नाही. पण थकलेली माणसं मी रोज बघते, ती बहुतेक चिडचिडी होतात किंवा बसल्या बसल्या झोपतात, "कमी काही पडत नाहीये" असं कोणी म्हणत नाही.

काठावरचा
दंडवत, रात्रपाळीताई.

यावर जुना वाद आहे तो आठवला. रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या, वडकलै आणि तेंकलै, आणि भांडणाच्या मुद्द्यांपैकी एक हाच, की शरण जाताना माणसाने काही करायचं असतं की नाही. एक म्हणतात माकडिणीच्या पिल्लासारखं, आई उडी मारते पण पिल्लाने तिच्या पोटाला घट्ट धरून राहायचं, मर्कटन्याय. दुसरे म्हणतात मांजरीच्या पिल्लासारखं, पिल्लू काहीच करत नाही, उलट अंग सैल सोडतं, आई मानगुटीला धरून नेते, मार्जारन्याय. मी स्वतः जन्माचा माकड. धरून धरून बोटं दुखायला लागली तरी सुटत नाही. उंबरठांचं त्या रात्री माकडाचं मांजर झालं असावं असं वाटतं, आणि ते ठरवून होत नाही हीच तर अडचण आहे. मी आता अंग सैल सोडणार असं ठरवून कोणी सैल झालंय का आजवर?

तर्कटराव
आता जरा कडू बोलतो. माझ्या नात्यातल्या एकाने "आता सगळं देवावर" म्हणून इन्शुलिन बंद केलं होतं. कोणा बाबाने सांगितलं नव्हतं, स्वतःच्याच श्रद्धेने. पाय कापावा लागला. घरातले म्हणाले देवाची इच्छा. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमचं ते मांजर मला भयंकर वाटतं. अंग सैल सोडलेल्या माणसाला देव उचलतो की नाही माहीत नाही, गँगरीन नक्की उचलतं.

मीच_ती
यात मी तुमच्या बाजूने. आणि गंमत म्हणजे धर्मांची जुनी माणसंही तुमच्याच बाजूने आहेत. इस्लाममध्ये तवक्कुल म्हणजे अल्लावरचा भरवसा, त्याबद्दल एक हदीस आहे, एकाने पैगंबरांना विचारलं की उंट बांधून भरवसा ठेवू का मोकळा सोडून? उत्तर आलं, आधी बांध, मग भरवसा ठेव. आपल्याकडे समर्थ रामदासांनी तर प्रयत्नालाच देव म्हणून टाकलंय.

केनेथ पार्गामेंट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये अडचणीच्या वेळी माणसं देवाशी कशी वागतात याचे तीन प्रकार मांडले होते. काही म्हणतात देवाने बुद्धी दिलीय, आता माझं मी बघतो. काही सगळं त्याच्यावर ढकलून गप्प बसतात. आणि काही भागीदारीत काम करतात, तूही ओढ मीही ओढतो. ढकलून मोकळं होणाऱ्यांची परिस्थिती हाताळायची ताकद त्याला कमी दिसली, भागीदारीवाल्यांची चांगली. इन्शुलिन घेऊन मग हात जोडणारे ते भागीदारीवाले. चपला घेऊन येणाऱ्या आजीपण त्यातल्याच, असं मला वाटतं, त्यांनी त्यांचं काम सोडलं नव्हतं, फक्त निकाल स्वतःकडे ठेवला नव्हता.

तर्कटराव
हं. आजींवर माझ्याकडे प्रतिवाद नाही, त्या मला रात्रीपासून छळतायत.

तिसरीपायरी
नाव वाचूनच काहींना कळेल. मी दारू सोडलेला माणूस, ९ वर्षं झाली. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ साली सुरू झालं त्यांच्या १२ पायऱ्या आहेत, तिसरी अशी की आपली इच्छा आणि आपलं आयुष्य देवाच्या हाती सोपवायचं ठरवलं, देव म्हणजे जसा आपल्याला उमगला तसा. मला तर काहीच उमगलेला नव्हता. पहिल्या दिवशी मी एवढंच म्हणालो की तुझं मला काही पटत नाही, पण आता मला माझंही पटेनासं झालंय, तर बघ काय ते. एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली माझी. लोक श्रद्धा श्रद्धा म्हणतात तेव्हा काहीतरी मोठं भव्य वाटतं, माझ्याकडे होता तो फक्त स्वतःवरचा पूर्ण अविश्वास.

आणि काठावरचा यांना उत्तर, ठरवून सैल होता येत नाही हे खरंय पण २४ तासांपुरतं होता येतं. मी जन्मभरासाठी दारू सोडलेली नाहीये, आजच्यापुरती सोडलीय. जन्मभराचा भरवसा ठेवायला गेलो असतो तर दुपारीच बाटली उघडली असती.

आतानाही
मी सहसा वाचते फक्त. आज लिहिते कारण धाग्यात सगळं जरा जास्तच गोड व्हायला लागलंय.

माझा मुलगा ६ वर्षांचा असताना गेला. त्यानंतर भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला की देवाच्या मनात काहीतरी असेल, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात, त्याच्यावर विश्वास ठेव. मला त्यातल्या एकेकाला घराबाहेर काढावंसं वाटत होतं. दोन वर्षं मी देवाशी फक्त भांडले, शिव्या दिल्या, शब्दशः, मोठ्याने, घरी कोणी नसताना. माझं समाधान कोणी विचारू नका, तसलं काही मला मिळालेलं नाही. पण परवा लक्षात आलं की त्या दोन वर्षांत मी ज्याच्याशी सगळ्यात जास्त बोलले तो तोच होता. बाकी कोणाशी मी बोलतच नव्हते, नवऱ्याशीसुद्धा नाही. नाही असं मानलं असतं तर शिव्या कोणाला देत होते मी? हा भरवसा असतो का काय असतो ते तुम्ही जाणकारांनी ठरवा.

काठावरचा
जाणकार कोणी नाही इथे ताई. तुमच्यापुढे काही बोलायची माझी लायकी नाही, तरी एक सांगतो. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. त्यांची गाथा उघडली की विठ्ठलाला घातलेल्या शिव्याही सापडतात, निर्लज्जापासून कर्जबुडव्यापर्यंत सगळं ऐकवलंय, आणि आपण त्यांना संत म्हणतो. बायबलमधल्या ईयोबाचंही तेच. मुलंबाळं, गुरंढोरं सगळं जातं, मित्र येतात आणि तुमच्या घरी आलेल्या लोकांसारखंच समजावत बसतात, तुझंच काही चुकलं असेल, देव अन्याय करत नाही वगैरे, आणि हा देवाला जाब विचारत राहतो. शेवटी देव रागावतो तो त्या समजावणाऱ्यांवर. म्हणतो, माझ्याबद्दल नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही.

आतानाही
हे मला माहीत नव्हतं. थांबते इथे.

मीच_ती
उंबरठा, तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच, कोरडेपणाचा. १६ व्या शतकात स्पेनमध्ये जॉन ऑफ द क्रॉस नावाचे संत होते, त्यांना त्यांच्याच पंथातल्या लोकांनी १५७७ मध्ये कोंडून ठेवलं होतं, काही महिन्यांनी ते निसटले. त्यांनी या कोरडेपणाला आत्म्याची काळोखी रात्र म्हटलंय आणि ती प्रवासातलाच एक टप्पा मानली. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला, जवळजवळ ५० वर्षं, मधला छोटा काळ सोडला तर, आत काहीच जाणवत नाही असं त्या लिहीत होत्या. सकाळी उठून कामाला मात्र रोज जात होत्या. त्यामुळे तुमची दहा मिनिटं कोरडी आहेत म्हणून ती खोटी आहेत असं मला वाटत नाही. तो अर्धा तास परत यावा म्हणून बसत असाल तर मात्र तो पुन्हा मॉनिटरच झाला ना, फक्त यावेळी तुम्ही स्वतःला लावलेला. माझं स्पष्ट बोलणं राग मानू नका.

उंबरठा
राग कसला, वर्मी बसलं. खरंच रोज डोळे उघडले की बघतो, आज काही झालं का, नाही झालं. ९४ का ८८ तेच.

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक लिहायचं राहिलं होतं ते आता लिहितो. त्या रात्री मी नुसता बसलो होतो म्हटलं ते पूर्ण खरं नाही. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, त्यांची बायको आत होती, आणि त्यांच्या अंगावरची शाल सारखी घसरत होती. ती मी तीन-चार वेळा वर ओढली. माझी स्वतःची प्रार्थना संपली होती म्हणून बहुतेक ती शाल दिसली, आधीचे दहा दिवस ते तिथेच होते आणि मला दिसलेच नव्हते. आता आठवलं की मॉनिटरकडे बघणं त्या अर्ध्या तासात बंद होतं पूर्ण. याचा अर्थ काय लावायचा माहीत नाही. सकाळची दहा मिनिटं चालू ठेवतो, डोळे उघडल्यावर हिशोब न करता उठायचं बघतो, तर्कटराव म्हणतील तो थकवाच, चालेल.

तर्कटराव
नाही म्हणत. शालीवर तर अजिबात नाही म्हणत.
रात्रपाळी, एक विचारायचं होतं. त्या आजींचं पुढे काय झालं?

रात्रपाळी
आजोबा गेले, दोन आठवड्यांनी, पहाटे. आजी आल्या, सगळं उरकेपर्यंत बाकावर बसल्या होत्या. निघताना बघितलं तर स्वतःच्या चपला पिशवीत आणि आजोबांच्या पायात. बऱ्याच मोठ्या होत होत्या, टाचा मागे उघड्या पडत होत्या, फटफट आवाज करत गेल्या जिन्यापर्यंत.